डार्सी करार: कलम ६ आणि ते १६ टक्के

इराणच्या तेलाचा विषय निघाला की चर्चा लगेच चर्चिल आणि ब्रिटिश आरमारावर जाते. माझं मत वेगळं आहे. ब्रिटिश उद्योजक विल्यम डार्सीला इराणने तेल काढायचा हक्क दिला, तो २८ मे १९०१ चा डार्सी करार कलमवार वाचल्याशिवाय तेलासाठीची ब्रिटन-रशियाची चढाओढ नीट कळतच नाही.

६० वर्षांची मुदत, ४,८०,००० चौरस मैल, २०,००० पौंड रोख, तेवढ्याच किमतीचे शेअर्स, हे आकडे बहुतेकांना ठाऊक असतात. कलम ६ मात्र कुणी वाचत नाही. रशिया बिथरू नये म्हणून आझरबैजान, गिलान, माझंदरान, अस्तराबाद आणि खोरासान हे उत्तरेचे पाच प्रांत त्यात वगळलेत. ब्रिटिश नमले, असं वाटतं ना? त्याच कलमात पुढे अट आहे: दक्षिणेच्या नद्यांपर्यंत किंवा दक्षिण किनाऱ्यापर्यंत पाइपलाइन टाकायचा हक्क इराण सरकारने दुसऱ्या कुणालाही द्यायचा नाही.

ही अट रशियाच्या वर्मावर होती. तेव्हा जगातलं सुमारे निम्मं तेल रशियाच्या ताब्यातल्या बाकूचं. ते रेल्वेने काळ्या समुद्रावरच्या बातुमीला जायचं आणि तिथून जहाजाने सुएझमार्गे आशियात. इराणमधून आखातापर्यंत पाइप टाकला असता, तर हिंदुस्थानच्या रॉकेलच्या बाजारात बाकूचा माल कितीतरी स्वस्त पडला असता. तो रस्ताच बंद झाला.

इराण फसला तो मोबदल्यात. ठरले होते निव्वळ नफ्याचे १६ टक्के. निघालेल्या तेलावर दर टनामागे काही नाही! नफा किती, हे तेल काढणाऱ्या कंपनीच्या (पुढे अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी) वह्या सांगणार. १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने २२ लाख पौंड घालून या कंपनीचे ५१ टक्के भाग घेतले आणि आरमारासाठी स्वस्त दराचा करारही केला. म्हणजे मालकही तेच, गिऱ्हाईकही तेच. तेल जितकं स्वस्त, तितका नफा कमी, आणि इराणचे १६ टक्के त्या उरलेल्या नफ्यावर. १९१५ मध्ये टोळ्यांनी पाइपलाइन तोडली, तर कंपनीने नुकसानभरपाई मागत इराणचे पैसेच अडवून धरले. हा मला उघड अन्याय वाटतो.

१९३० साली इराणला सुमारे १२.८८ लाख पौंड मिळाले होते. १९३१ साली मिळाले जेमतेम ३.०७ लाख. इराणचा राजा रझा शहा याने १९३२ मध्ये करार रद्द केला. १९३३ च्या नव्या करारात अखेर टनामागे ४ शिलिंग आले, पण मुदत १९६१ ऐवजी १९९३ पर्यंत गेली.