खेळणी काढायची असतील तर पहिला पैसा साच्यात घाला

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या, साच्यातून प्लास्टिकचा माल काढणाऱ्या मोल्डिंगवाल्यांसाठी लिहितोय. गाड्यांच्या पार्ट्सच्या ऑर्डरी सुस्तावल्या की खेळणी काढायचा विचार पुढे येतो, आणि तो चांगलाच आहे. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. बाजारात जागा आहे. पण बहुतेकांचा पैसा खोक्याच्या छपाईत जातो आणि साचा करतात स्वस्तातला. तिथेच गाडं अडतं.

लेगो कंपनीच्या १९४९ च्या, एकमेकींवर बसवायच्या प्लास्टिकच्या खेळण्यातल्या विटा आतून पोकळ होत्या, एकमेकींना नीट धरत नसत. १९५८ मध्ये आत नळ्या आल्या आणि पकड बसली. मापं तेव्हापासून तीच, म्हणून तेव्हाची वीट आजच्या विटेवर बसते. माझ्या मते खेळण्यांतला खरा नवा शोध हा असा असतो.

जोडायच्या तुकड्यांना पीपी (पॉलिप्रॉपिलीन) प्लास्टिक स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. ते साच्यात थंड होताना १ ते २.५ टक्के आकसतं. ३२ मिमीच्या तुकड्यात जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडू शकतो. एबीएस हे दुसरं, कडक प्लास्टिक ०.४ ते ०.७ टक्केच आकसतं, म्हणजे फरक ०.१ मिमीच्या आसपास. तेवढा टूलरूमवाला, म्हणजे साचा बनवणारा, साच्यात सांभाळून घेतो. भिंत २ मिमी असेल तर आतली रिब (आधाराची पट्टी) १.२ मिमीपेक्षा जाड नको, नाहीतर वरच्या चकचकीत बाजूला खड्डा दिसणारच. आणि एबीएसचा दाणा ८०-८५ अंशांवर दोन ते चार तास सुकवायचाच. आपल्याकडच्या पावसाळ्यात गोणी उघडी राहिली की दाणा ओल धरतो आणि मालावर चंदेरी रेघा येतात, मग ऑपरेटर उगाच प्रेशर वाढवत बसतो.

भंगारातला दाणा तर खेळण्यात अजिबात नको. जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरच्या प्लास्टिकमध्ये ब्रोमिनची रसायनं असतात, आणि हे खेळणं पोर तोंडात घालणार आहे.

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. त्यासाठीची एक चाचणी साच्याचं स्टील कापायच्या आधीच करून घ्या. ३१.७ मिमी आतल्या व्यासाची, तिरक्या तळाची नळी असते. खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिमी. लेथवर सहज होते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यातला कुठलाही सुटा भाग न दाबता तिच्यात पूर्ण मावला तर तो घशात अडकू शकतो, डिझाइन बाद. आपटून तुटलेल्या तुकड्यालाही हाच नियम, म्हणून गाडीचं चाक आणि बाहुलीचा डोळा आधी तोडून बघा.