रीफ टँकचं पाणी सुधारण्याआधी टेस्ट किट पारखा

गोव्यातल्या रीफ टँकवाल्यांना, म्हणजे घरच्या टाकीत समुद्राच्या पाण्यात जिवंत कोरल (प्रवाळ) पाळणाऱ्यांना, कळकळीने सांगायचंय. केएच (पाण्याची क्षारता, एकक डीकेएच) ६ दिसला की लगेच बफर (केएच वाढवणारी पावडर किंवा द्रावण) ओतू नका. कोरलना स्थिर साडेसात चालतो, स्थिर नऊही चालतो. एका रात्रीत दोन-तीन डीकेएचची उडी मात्र ॲक्रोपोरा जातीच्या कोरलची टोकं जाळू शकते, आणि ती उडी अनेकदा चुकीच्या रीडिंगमुळे आपणच मारलेली असते. त्यासाठी महागडं किट नको. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असं पाणी घरात ठेवा आणि किटची परीक्षा त्याच्यावर घ्या.

केएचसाठी असं पाणी स्वयंपाकघरात होतं. खायचा सोडा ३ ग्रॅम घ्या (बेकिंग पावडर नव्हे), शून्य टीडीएसच्या (विरघळलेले क्षार नसलेल्या) आरओ-डीआय पाण्यात (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेलं पाणी) विरघळवून १ लिटर करा. हे १०० डीकेएच. यातलं १०० मिली घेऊन त्याच पाण्याने १ लिटर केलं की १० डीकेएच तयार. थेट ०.३ ग्रॅम मोजायला जाऊ नका, ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तिथे चूक फार मोठी होते. पिण्याच्या आरओचं पाणीही नको. बऱ्याच मशिनांत टीडीएस कंट्रोलर कच्चं पाणी मिसळतो. आता किटने ९ दाखवलं, तर टाकीतला ७.२ प्रत्यक्षात ८ आहे. म्हणजे बफरची गरजच नव्हती! हा तपास सिरिंजने टायट्रेशन करायच्या (रंग बदलेपर्यंत थेंब-थेंब द्रावण घालायच्या) किटसाठी. रंग मोजणाऱ्या मरीन चेकरला (समुद्राच्या पाण्यासाठीच्या छोट्या डिजिटल यंत्राला) गोड्या पाण्यातलं द्रावण चकवू शकतं, त्याला कंपनीचं स्टँडर्डच (तपासणीचा ठरलेला नमुना) लावा.

सिरिंजच्या टोकाला प्लास्टिकची टिप असेल तर दट्ट्याखाली थोडी हवा राहते. त्याने बिघडत नाही, मात्र भरल्यावर टिपमध्ये बुडबुडा नको.

रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारटपणा मोजायचं यंत्र) नुसत्या आरओ पाण्यावर शून्य करून भागत नाही. बरीच स्वस्त यंत्रं साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असतात, समुद्राच्या नाही. ती ३५ खारटपणाच्या (किलोमागे ३५ ग्रॅम क्षार) समुद्राच्या पाण्याला साडेछत्तीसच्या आसपास दाखवतात. ३६.५ ग्रॅम रिफाइंड मीठ ९६३.५ ग्रॅम पाण्यात विरघळवा आणि रेषा ३५ वर आणा. मिठागरातलं खडे मीठ इथे चालणार नाही, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. आपल्या पावसाळ्यात डब्यातल्या मिठालाही पाणी सुटतं, म्हणून आधी तव्यावर कोरडं करून मग वजन करा. कंडक्टिव्हिटी मीटरसाठी (विजेच्या वहनावरून खारटपणा मोजणारं यंत्र) हे द्रावण वापरू नका.

मिरामार-दोनापावलाचं समुद्राचं पाणी आणणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर विशेष जपावं. मांडवी-झुवारीचं गोडं पाणी तिथे मिसळतं, सॅलिनिटी (खारटपणा) पडते.

फॉस्फेटच्या चेकरला दमट हवा फार नडते. चिलरने थंड ठेवलेल्या टाकीचं २५ अंशांचं पाणी भरलं की क्युव्हेटच्या (नमुना भरायच्या छोट्या बाटलीच्या) काचेवर बाष्प धरतं आणि आकडा फुगतो. पाणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, काच मऊ कापडाने पुसा, बोटांचे ठसे आणि बुडबुडे घालवा. झिरो आणि रीडिंग एकाच क्युव्हेटमध्ये, एकाच बाजूने. अल्ट्रा लो फॉस्फरस चेकर पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) फॉस्फरस दाखवतो, त्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागा, मग फॉस्फेटचा पीपीएम (दहा लाखांत किती भाग) मिळतो. १० दिसलं तर सुमारे ०.०३. यंत्राची स्वतःचीच चूक ५ पीपीबीच्या आसपास असू शकते, त्यामुळे १० चे १३ झाले म्हणून जीएफओ (फॉस्फेट शोषून घेणारे दाणे) वाढवू नका.

पावडर रिएजंट (टेस्टमध्ये घालायची रसायनं) सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. गोळे झाले तर फेकून द्या. टेस्ट रोज एकाच वेळी घ्या, शक्यतो दिवे लागण्याआधी आणि डोसिंग पंपाच्या (ठरलेला डोस आपोआप टाकणाऱ्या पंपाच्या) फेरीपासून दूर. आकडा अनपेक्षित आला तर तीच टेस्ट पुन्हा करा, मग खायच्या सोड्याच्या १० डीकेएच पाण्यावर केएचचं किट पारखा. डोस बदलायचा तो त्यानंतर, आणि दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त नाही.