झाकण उघडलं हा माझा गुन्हा?

लॅपटॉपचं झाकण दिवसातून आठ-दहा वेळा उघडतं आणि मिटतं. ते तसं व्हावं म्हणूनच बिजागरी लावलेली असते. तरी 68,000 रुपयांचा लॅपटॉप चौदा महिन्यांत बिघडला की सर्व्हिस सेंटरचा माणूस माझ्याकडे बघून विचारतो, "मॅडम, जोरात उघडत होता का?"

नाही. हातानेच उघडत होते, सगळे उघडतात तसा.

माझं काम डीटीपीचं. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंकाची पानं. अकराव्या महिन्यात पडद्यावर एक काळी उभी रेघ आली, केसाएवढी, वरपासून खालपर्यंत. झाकण थोडं पुढे घेतलं की जायची, मागे नेलं की परत यायची. इंग्रजी मजकुरात ती नुसती रेघ असते, देवनागरीत तिचा काना होतो. 'मन'चं 'मान' दिसतं, 'कर'चं 'कार'. प्रूफ वाचताना दर ओळीला पान बाजूला सरकवायचं, बघायचं, परत आणायचं. आणि एकदा उलटं झालं. एका पत्रिकेत 'पवार'चं खरोखरच 'पावार' पडलं होतं. मला वाटलं, रेघच आहे. चारशे पत्रिका छापून झाल्यावर मुलीच्या वडिलांचा फोन आला. लग्नघरची माणसं, त्यांचं आडनावच चुकलेलं, मी काय तोंडाने बोलणार होते? सगळ्या पत्रिका स्वतःच्या खर्चाने परत छापून दिल्या.

अकराव्या महिन्यात, म्हणजे वॉरंटीत, मी लॅपटॉप घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले होते. तिथल्या मुलाने तो टेबलावर ठेवला, उघडला, रेघ दिसली नाही. मी म्हटलं, "झाकण जरा मागे न्या, मग येते." त्याने एकदा नेलं. नाही आली. जॉबशीटवर लिहिलं 'नो फॉल्ट फाउंड' आणि लॅपटॉप परत दिला. बिजागरीपाशी उघडून बघायची तसदी कुणी घेतली नाही. चौदाव्या महिन्यात रेघेच्या चार रेघा झाल्या, अर्धा पडदा थरथरायला लागला. परत गेले तर उत्तर तयार: वॉरंटी संपली, पूर्ण पॅनेल, म्हणजे अख्खा पडदाच, बदलावा लागेल, 19,500 अधिक 18 टक्के जीएसटी. जुनी जॉबशीट दाखवली. "तेव्हा फॉल्ट नव्हता मॅडम, इथेच लिहिलंय." त्यांनीच न बघता लिहायचं आणि तेच माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे करायचं! चोराच्या उलट्या बोंबा याहून वेगळ्या काय असतात?

शेवटी पुण्यातल्या बुधवार पेठेत गेले, तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. तिथल्या दुरुस्तीवाल्या दादांनी पडद्याची चौकट काढली आणि मला जवळ बोलावलं. "ताई, हे बघा." मदरबोर्डकडून पडद्याकडे जाणारी पातळ केबल बिजागरीतून वळण घेते, तिथे तिचं आवरण घासून फाटलं होतं आणि आतल्या बारीक तारा उघड्या पडल्या होत्या. झाकण हललं की त्याही हलणार. पॅनेल ठणठणीत होतं. केबल आणि मजुरी मिळून 1,400 रुपये. आज पडदा स्वच्छ आहे, एक रेघ नाही. ज्यांनी हा लॅपटॉप बनवला त्यांना तो न उघडताच पॅनेल गेलेलं कळलं होतं आणि गल्लीतल्या माणसाला दहा मिनिटांत खरं काय ते दिसलं.

हे नशिबाने एखाद्याचं होतं असं कुणी सांगू नका. ॲपलच्या 2016च्या मॅकबुक प्रोमध्ये हेच झालं होतं. पडद्याची केबल तोकडी, झाकण उघडताना ताणली जायची, आधी पडद्याच्या तळाशी प्रकाशाचे ठिपके दिसायचे, मग बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेडच, जायचा. 2018च्या मॉडेलमध्ये ती केबल सुमारे 2 मिलिमीटरने वाढलेली निघाली. मे 2019मध्ये फुकट दुरुस्तीची योजना आली, तीही फक्त 13 इंची मॉडेलसाठी. तोवर ज्यांनी पदरचे पैसे भरले होते त्यांनी काय पाप केलं होतं? दोन मिलिमीटर! केबल किती लांब असावी, ती कुठून वळवावी, हे गिऱ्हाईक ठरवत नाही. ते कंपनीचा इंजिनियर ठरवतो. मग त्याचं बिल माझ्या नावावर कसं फाटतं?

कायदा नाही असंही नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा 20 जुलै 2020पासून लागू आहे. वस्तूत दोष निघाला तर दुरुस्त करून द्या, बदलून द्या, पैसे परत करा, असा आदेश जिल्हा ग्राहक आयोग देऊ शकतो. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पण घोडं पेंड खातं ते पुढे. दोष मूळचा आहे हे दाखवायचं कोणी? मी. वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवायची झाली तर आधी फी भरायची कोणी? मीच. बनवणाऱ्याकडे नकाशे आहेत, चाचण्यांचे कागद आहेत, त्याच मॉडेलच्या किती केबली परत आल्या याची नोंद आहे. यातला एक कागदही तो मला दाखवणार नाही. माझ्याकडे काय, एक जॉबशीट. बिजागरीतून जाणारी केबल किती उघडझापीला टिकते हे खोक्यावर छापा, आणि त्याआधी तुटली तर वॉरंटी असो नसो, मुकाट्याने बदलून द्या. माझं एवढंच मागणं आहे. 1,400 रुपयांचं काम आहे हो, तेही गल्लीतल्या दराने!

जुनी केबल मी टाकलेली नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, जॉबशीटला टाचून ठेवली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार केली आणि केबलचे फोटो कंपनीला पाठवले. काल उत्तर आलं: लॅपटॉप बाहेर उघडला गेल्यामुळे आमची जबाबदारी राहत नाही.

अकराव्या महिन्यात तो तुमच्याच टेबलावर होता. तेव्हा का नाही उघडलात?