लीग काढताय? मग आधी शिक्षा करायला शिका

अभिनंदन! तुम्ही ई-स्पोर्ट्सची, म्हणजे व्हिडिओ गेमच्या सामन्यांची, लीग काढताय म्हणे. स्पॉन्सर मिळाला, डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर सर्व्हर उघडला, लोगोत वाघ घ्यायचा की गरुड हा वादही मिटला. आता टीमना शिक्षा कशी करायची तेवढं शिकलात की झालं. त्याबाबत माझा सल्ला फुकट घ्या. मी नाशिकच्या पोरांची बीजीएमआय या मोबाइलवरच्या बंदुकीच्या गेमची एक छोटी टीम सांभाळतो, आणि गेल्या महिन्यात एका लीगने हे शास्त्र आमच्यावर इतक्या तयारीने चालवलं की मला ते तोंडपाठ झालंय.

सुरुवात नियमावलीपासून. 'खेळाडू एका वेळी एकाच ऑर्गचा (संघ चालवणाऱ्या संस्थेचा) असेल' असं एक वाक्य टाका. ऑर्गचा म्हणजे कसा, पगारावर, करारावर, की कधीतरी त्यांची जर्सी घालून फोटो काढला होता म्हणून, हे अजिबात लिहू नका. शेवटी 'आयोजकांचा निर्णय अंतिम राहील' हे ठळक अक्षरांत. एवढी ओळ असली की बाकीची पानं कोरी सोडलीत तरी कुणी विचारणार नाही.

नोंदणीच्या वेळी रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, तपासू नका. तेव्हा तपासलं तर भानगड तिथेच मिटते आणि मग तुमचा दरारा तो काय राहणार? टीम तळाला असेल तर कधीच तपासू नका. पॉइंट टेबलात वर सरकली की मग बघा.

निर्णय रात्री उशिरा द्यावा. फायनल दुसऱ्या दिवशी असावी.

पुरावा दाखवू नका. ही युक्ती माझी नाही, थोरामोठ्यांची आहे. 8 मे 2016 रोजी रायट गेम्स या कंपनीने उत्तर अमेरिकेतल्या, तिच्याच 'लीग ऑफ लेजंड्स' या गेमच्या रेनेगेड्स आणि टीम ड्रॅगन नाइट्स या दोन संघांना फर्मान काढलं: 18 मेपर्यंत आपली जागा विका आणि चालते व्हा. दहा दिवस. आरोप असा की रेनेगेड्सच्या ख्रिस बदावीवर आधीच बंदी होती, तरी बंदी उठली की संघात वाटा द्यायचा असा छुपा करार झाला होता. शिवाय दोन संघांतली खेळाडूंची अदलाबदल संशयास्पद, आणि खेळाडूंना नीट वागवलं नाही, तेही. बदावीला कायमची बंदी. संघवाले म्हणाले, आम्हाला पुरावा दाखवा. पुरावा जाहीर झालाच नाही. रेनेगेड्सची जागा टीम एनव्हीअसने विकत घेतली आणि खेळ पुढे सुरू. आता बदावी धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणत नाही. कदाचित सगळे आरोप खरेही असतील. पण ते खरे की खोटे हे आज इतक्या वर्षांनीही बाहेरच्या माणसाला ताडून बघता येत नाही, हीच तर त्या निकालाची कारागिरी. गेम त्यांचा, लीग त्यांची, नियम त्यांचे, पोलीस ते आणि न्यायाधीशही तेच.

तुमच्याकडे गेम नाही, हे मान्य. पण तोरा तरी तसा ठेवा.

ज्याने तोंड उघडलं त्यालाही सोडू नका. कोरियात 2019 साली 'लीग ऑफ लेजंड्स'च्याच ग्रिफिन संघाच्या संचालकाने कानावी नावाच्या अल्पवयीन खेळाडूवर दबाव आणून त्याला चिनी संघाशी लांबलचक करार करायला लावलं, असं प्रकरण बाहेर आलं. बाहेर काढलं कुणी, तर त्याच संघाच्या माजी प्रशिक्षकाने. नोव्हेंबरात निकाल लागला: संघाला 10 कोटी वॉन दंड, संचालकावर बेमुदत बंदी, आणि प्रशिक्षकावरही बेमुदत बंदी! त्याच्यावरचा आरोप वेगळा होता, खेळाडूंशी दांडगाई केल्याचा. तोही खरा असेल. पण चोर आणि चोर पकडून देणारा यांना एकाच दिवशी, एकाच पत्रकात, एकच शिक्षा, हे जमायला प्रतिभा लागते. दोन लाखांहून जास्त लोकांनी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडच्या अर्जावर सह्या केल्या, तेव्हा कुठे त्या माणसाची बंदी थांबवली.

अपिलाची सोय जरूर ठेवा. अर्ज ज्याने शिक्षा दिली त्याच्याच इनबॉक्समध्ये जावा.

हितसंबंधांची फार काळजी करू नका. काउंटर-स्ट्राइक या गेममध्ये आरएफआरएसएच नावाची कंपनी अ‍ॅस्ट्रॅलिस हा संघही सांभाळायची आणि ब्लास्ट ही स्पर्धाही भरवायची, दोन्ही 2019 पर्यंत. हा गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हला आयोजक आणि संघ यांच्यात असे धंद्याचे संबंध नकोत हा नियम लागू करायला 2025 उजाडलं. तुम्हाला अजून भरपूर वेळ आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: शिक्षा खेळाडूंना करा. मालकाला करून काय मिळणार? मालक उद्या नवीन नावाने नवीन ऑर्ग काढेल, नवीन लोगो, नवीन इन्स्टा पेज. खेळाडूचं तसं नसतं, त्याचा आयडी एकच असतो. आमच्या एका पोराने सतराव्या वर्षी एका ऑर्गच्या पीडीएफवर मोबाइलवरच बोटाने सही केली होती. पगार शून्य. मिळाली एक जर्सी, तीही एक्सएल, पोरगा पन्नास किलोचा. थोड्या स्क्रिम (सरावाचे सामने) झाल्या, लाइनअप मोडली, ग्रुपवरून सगळ्यांना काढून टाकलं. रिलीज लेटर मागितलं तर उत्तर नाही. निळी टिक, उत्तर नाही. आणि आम्ही टेबलात वर आल्याबरोबर ही ऑर्ग अचानक जागी झाली: आमचा खेळाडू परवानगीशिवाय खेळतोय! त्यांचीच दुसरी लाइनअप त्याच लीगमध्ये आमच्या खाली होती, हा निव्वळ योगायोग. लीगने काय केलं? आमचे सगळे पॉइंट शून्य. त्या एकट्याचे नाही, चौघांचे. त्या ऑर्गला साधा प्रश्नसुद्धा नाही, की बाबा, करार दाखव, पगाराची एक तरी एंट्री दाखव.

अहो, 1872 चा करार कायदा आहे या देशात. कलम 11. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार हा करारच नसतो. 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबीच्या खटल्यात ते स्पष्ट केलंय. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे ठाऊक असतं. हे मी डिस्कॉर्डवर लिहिलं तर अ‍ॅडमिनचं उत्तर आलं, "ब्रो, रूलबुक इज रूलबुक." आणि तिकीट, म्हणजे माझी तक्रार, बंद.

त्या पोराच्या आईने फोन केला. "दादा, ह्याने चोरी-बिरी केली का काही? क्लासमधली पोरं चीटर म्हणतायत त्याला." काय सांगणार त्यांना? की काकू, तुमचा मुलगा एका माणसाच्या मालकीचा आहे, तो माणूस तुम्ही कधी पाहिलेला नाही, आणि त्याने ह्याला एक रुपया दिलेला नाही?

पुरे झाला उपरोध. आता सरळ ऐका.

बीसीसीआयला आपण सगळे शिव्या घालतो. पण सट्टेबाजीवरून चेन्नई आणि राजस्थानला आयपीएलमधून दोन वर्षं बाहेर काढलं तेव्हा काय झालं होतं आठवा. मुद्गल समिती, मग सुप्रीम कोर्ट, जानेवारी 2015 मध्ये पदाधिकाऱ्यांना संघ विकत घेऊ देणारा नियमच रद्द, मग लोढा समितीचा 14 जुलैचा निकाल, कारणांसकट, सगळ्यांना वाचायला खुला. शिक्षा झाली ती मालकांच्या फ्रँचायझींना. धोनी घरी बसला नाही, तो पुण्याकडून खेळला. मालक वेगळा आणि खेळाडू वेगळा, एवढं तिथे कळलं होतं. तुम्हाला का कळत नाही?

डिसेंबर 2022 मध्ये सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांमधला खेळ म्हणून मान्यता दिली तेव्हा तुम्हीच स्टेटस ठेवले होते ना, 'आता आम्हीही खेळाडू'? मग खेळासारखं वागा. नोंदणीच्या दिवशी कागद तपासा. तक्रार आली तर तक्रार करणाऱ्याकडे आधी करार मागा. अठरा वर्षांखालच्या पोराच्या सहीवर कुणी हक्क सांगत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. शिक्षा केलीत तर कारण लिहा, खाली नाव घालून सही करा, 'टीम मॅनेजमेंट' लिहून लपू नका. आणि जिने तक्रार केली ती ऑर्ग तुमच्या स्पॉन्सरच्या मित्राची असेल, तर निकाल दुसऱ्या कुणाला तरी लावू द्या. लाज वाटली पाहिजे तुम्हाला. पोरांनी दहावी-बारावी सांभाळून, घरच्यांच्या शिव्या खाऊन, एकाच वाय-फायवर दोन फोन लावून मिळवलेले पॉइंट होते ते.

आमच्या जागी ज्या टीमला वर सरकवलं त्यांच्या कॅप्टनशी परवा बोलणं झालं. बक्षिसाचे पैसे त्यांनाही आलेले नाहीत. 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणे.