पाणी कमी प्या म्हणे! घरून काम करणाऱ्यांना मिळालेला घातक सल्ला

‘घरून काम करा, दुप्पट काम करा : सात नियम’ असा एक मेसेज सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. आमच्या भाचीने त्यातला तिसरा नियम मनापासून पाळायला घेतला, म्हणून हे लिहावं लागतंय.

तिसऱ्या नियमापासूनच सुरुवात करू. ‘पाणी कमी प्या, म्हणजे सारखं उठावं लागणार नाही. सलग चार तास बसा. ब्रेक न घेतल्याने काम १३ टक्क्यांनी वाढतं, हे चीनमध्ये सिद्ध झालंय.’

यातला १३ टक्के हा आकडा तेवढा खरा आहे. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या शांघायमधल्या कॉल सेंटरमध्ये काहींना घरून आणि काहींना ऑफिसातून काम देऊन ९ महिने प्रयोग केला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरून बसणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. वाढलेल्या १३ पैकी साधारण ९ टक्के ब्रेक आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्यामुळे आले, हेही मान्य. पण पाणी तोडा किंवा चार तास उठू नका, असं त्यात कुठेही नाही. उरलेले ४ टक्के मिनिटामागे जास्त कॉल घेतल्याने आले, आणि त्याचं एक कारण घरातली शांतता होतं. घरी ब्रॉडबँड आणि कामापुरती स्वतंत्र खोली असेल, अशांनाच त्यात घेतलं होतं. पाचपैकी एक दिवस ते ऑफिसात जात होते. प्रयोग संपल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक ऑफिसात परतले, कारण घरी एकटं वाटत होतं. मेसेज लिहिणाऱ्याने हे सगळं गाळून एक आकडा तेवढा उचललाय.

आता पाण्याचं. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, त्यातले क्षार साचतात आणि मुतखड्याचा धोका वाढतो. एकदा खडा झालेल्याला डॉक्टर दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगतात. एप्रिल-मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा तर घामातच बरंच पाणी जातं. लघवी दाबून बसायची सवय मूत्रमार्गाच्या संसर्गालाही आमंत्रण देते, बायकांना जास्तच. करायचं ते याच्या उलट: टेबलावर लिटरची बाटली न ठेवता एक पेला ठेवा. तो संपला की उठून माठापर्यंत जा. तासाभरात एक-दोनदा आपोआप उठणं होतं, पाय मोकळे होतात, नजरही स्क्रीनवरून हटते.

‘पलंगावर बसूनही काम होतं.’ तासभर होतं, मग मान धरते. डायनिंग टेबलही जसंच्या तसं चालत नाही. ते साधारण ३० इंच उंच, खुर्चीची बैठक १८ इंच. टायपिंगला कोपर टेबलाच्या खाली राहतं, म्हणून खांदे वर चढतात. बुडाखाली घट्ट उशी घ्या. पाय अधांतरी राहिले तर खाली पाट ठेवा. लॅपटॉप पाच-सहा इंच उचला, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे. मग मात्र वेगळा कीबोर्ड आणि माऊस लागतोच, नाहीतर मान सुटून मनगट अडकेल.

‘पहाटे चारला उठा.’ पहाटे घर शांत असतं, एवढं खरं. पण कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा झालेले असतात. हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपन्यांचे बरेच कॉल याच वेळेला. अकराला लॅपटॉप मिटवून चारला उठायचं, तर झोप जेमतेम पाच तास.

‘हिरवा ठिपका टिकवायला माऊस हलवणारं यंत्र घ्या.’ म्हणजे ऑफिसच्या चॅटवर तुम्ही हजर असल्याची खूण दिसत राहील. अजिबात घेऊ नका. यूएसबीला जोडलेली वस्तू कंपनीच्या नोंदीत दिसू शकते. कीबोर्डची खोटी हालचाल दाखवल्याबद्दल वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये डझनभराहून जास्त लोकांना काढलं.

मीटिंग चालू असताना कुकर लावा आणि मुलांना खोलीत कोंडा, या दोन नियमांवर शब्दही खर्च करायचा नाही.

शेवटचा नियम: ‘लाइट गेली तर हॉटस्पॉटवर भागतं.’ व्हिडिओ चालू असेल तर तासाला साधारण एक जीबी जातो, म्हणजे रोजचा दीड जीबी दुपारीच संपला. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुतेक गुरुवारी निघतात, आणि बऱ्याच सोसायट्यांचा जनरेटर लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांपुरताच असतो. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, बंद पडतो तो राउटर. त्याच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी अडॅप्टरवरचा आकडा वाचा: बहुतेक १२ व्होल्ट असतात, काही ९. अँपिअरही राउटरला लागतात तेवढे किंवा जास्त हवेत. फायबरची तार ज्यात येते तो डबा राउटरपासून वेगळा असेल तर त्यालाही वीज द्यावी लागते, नाहीतर वायफायची खूण दिसते आणि नेट मात्र येत नाही.