बेलगाम

त्या हॉटेलात जेवायला जायचं ठरलं की आमची ही आधी घरात अर्धी भाकरी खाऊन घेते. "उपाशी जाऊन उपाशीच परत यायचं, त्यापेक्षा हे बरं," असं तिचं म्हणणं. तीन खेपांच्या अनुभवातून आलेलं शहाणपण आहे, मी वाद घालत नाही.

हॉटेलचं नाव सांगत नाही, रस्ताही सांगत नाही. बेळगावकराला एवढी खूण पुरे, की रविवारी संध्याकाळी बाहेर गोव्याच्या आणि कोल्हापूरच्या नंबरांच्या गाड्या लागलेल्या असतात, आणि ज्याला विचाराल तो म्हणतो, "काय नाही हो तिथं!" पुढच्या रविवारी तोच रांगेत आपल्या पुढं उभा असतो.

पहिल्यांदा गेलो ते पोराला पुण्यात नोकरी लागली म्हणून. महिना जुलैचा. दारात टॅब घेतलेल्या मुलीनं नाव टिपून घेतलं आणि "फॉर्टी फाइव्ह मिनिट्स" म्हणून गोड हसली. बेळगावचा जुलैतला पाऊस आडवा येतो, छत्री हातात असते ती नुसती मनाच्या समाधानाला. छपराखाली बारा माणसांची जागा, उभे आम्ही चाळीस. रस्त्याच्या पलीकडं गिरमिट-मिरचीची गाडी दिसली. चुरमुरे, कांदा, चिंचेचं पाणी, वर डाळ्याचं पीठ आणि बाजूला गरम मिरची भजी. पावसात याच्यापुढं काही नसतं. गाडीवाल्यानं आम्हाला बघूनच विचारलं, "कितवा नंबर?"

"अकरावा."

"मग दोन-दोन प्लेट खावा की. पाचवा असता तर मी एकच दिलो असतो."

त्या हॉटेलचा कारभार हॉटेलच्या मॅनेजरपेक्षा या माणसाला जास्त कळतो. आम्ही दोन-दोन खाल्ल्या. आत बोलावलं तेव्हा कुणालाच भूक नव्हती.

आत अंधार. म्हणजे ग्रहण लागल्यावर असतो तेवढा. टेबलावर बोटभर मेणबत्ती, आणि एसी असा की हिनं पर्समधून स्वेटर काढला. (पर्समध्ये स्वेटर का होता, हे विचारायचं नसतं.) मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात मेन्यू उघडला. पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे असा आमच्या राज्यात कायदा आहे आणि बाहेरच्या पाटीनं तो इमानानं पाळलाय. आतल्या मेन्यूला कायदा नसावा. तिथं कन्नड शून्य, मराठी शून्य. ज्या गावात पाटीवरच्या अक्षरांपायी माणसं म्हातारी झाली, त्या गावात दोन्ही भाषांना इतकी समान वागणूक मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही.

हिनं एका ओळीवर बोट ठेवून पोराला विचारलं, "हे काय लिहिलंय?"

पोरगा वाचता वाचता अडला. "मका आहे, आई."

"मका कळला मला. त्याच्यापुढं किस का काय ते?"

पोरगा पाण्याचा घोट घ्यायला लागला. शेवटी मीच सांगितलं, मिरचीनं मुका घेतलेला मका. ही म्हणाली, "मग तो नको. मी दुसरं बघतो." तिचं ते "मी बघतो" ऐकून शेजारच्या टेबलावरच्या बाईनं मान वळवली. पुण्या-मुंबईकडची असणार. आमच्याकडं बायकासुद्धा जातो, येतो, बघतो असंच म्हणतात, हे तिला कुणी सांगितलं नसावं.

ऑर्डर घ्यायला आला तो मुलगा आसामचा. गोरा, नाजूक, वागायला अगदी सालस. पण आमची पंचाईत झाली. खडेबाजारातला दुकानदार गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून भाषा ठरवतो. भाव मराठीत निघतो, घासाघीस कन्नडात होते आणि शेवटी दोघं मिळून तिसऱ्याला दोन्हींत शिव्या घालतात. इथं दोन्ही भाषा असून आम्ही मुके. मी जन्मात न वापरलेली हिंदी काढली. हिनं "हमको जरा तिखट होना" असं सांगितलं. त्याला ते "होना" काय झेपलं कोण जाणे, पण तो हसून म्हणाला, "बेलगाम अच्छा है सर, ठंडा है."

१ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर आमचं गाव बेळगावी झालं. आम्ही बेळगावच म्हणतो, त्यावरून अजून भांडतो. या पोरानं तिसरंच काढलं. मला जरा लागलं. पण बिल आलं तेव्हा वाटलं, पोरगं बरोबर बोललं होतं.

मागवलेल्यात एक होतं भाकरी टाको. मोठ्या काळ्या दगडावर ज्वारीच्या भाकरीच्या तीन चकत्या, बरणीच्या झाकणाएवढ्या, दुमडून उभ्या केलेल्या. आत झुणका, वर शेंगाच्या चटणीची चिमूट आणि एक फूल. किंमत तीनशे ऐंशी. आमच्याकडच्या खानावळीत हेच ताटात येतं तेव्हा वाढणाऱ्याला थांबवायला "साकु, साकु री" म्हणत दोन्ही हात ताटावर आडवे धरावे लागतात, तरी तो बोटांच्या फटीतनं आमटी सोडतो. इथं साकु म्हणायची वेळ कुणावर येत नाही. फुलाचं काय करायचं ते कळेना. हिनं ते केसांत माळलं.

पण खोटं कशाला बोलू, काळी डाळ आली आणि टेबलावरची बडबड थांबली. उडदाची, रात्रभर मंद निखाऱ्यावर ठेवलेली, जिभेवर नुसती विरघळणारी. सोबतची रोटी कढईतल्या पुरीसारखी फुगून आलेली. गिरमिट पोटात असूनसुद्धा आम्ही वाटी पुसून खाल्ली. पुढचे आठ दिवस ही घरात उडीद भिजत घालून खटपट करत होती. नाही जमलं.

त्या डाळीपायीच दुसऱ्यांदा गेलो. आईला ऐंशीवं लागलं होतं, म्हटलं म्हातारीलाही चाखू दे. डाळ आली. मी पहिला घास घेतला आणि आईकडं बघायची हिंमत झाली नाही. आमचा जन्म वडगावचा, घराला लागून माग. आई दुसरा घास न घेताच म्हणाली, "ही खळ हाय. सुताला लावायची." मला दुसरा शब्द आजही सुचत नाही. तेच हॉटेल, तोच मेन्यू, किंमत वीस रुपयांनी जास्त आणि डाळीच्या जागी खळ.

शेवटी पान मागवलं. ते एका तबकात आलं आणि तबकातून धूर वाहायला लागला, पांढराशुभ्र, टेबलाच्या कडेवरनं खाली सांडणारा. पोरानं फोनवर समजावून सांगितलं होतं की तो कोरडा बर्फ असतो, कार्बन डायऑक्साइड गोठवलेला, उणे अठ्ठ्याहत्तर अंशांचा, त्याला हात लावायचा नाही. हे आईला सांगेपर्यंत तिनं दोन्ही तळवे त्या धुरावरून फिरवून डोळ्यांना लावले, मग डोक्याला लावले, आणि तबकात पाच रुपये टाकले. वेटरनं बावरून ते उचलले. मॅनेजर लांबून बघत होता. एवढ्या रुबाबदार माणसाच्या चेहऱ्यावर इतकी असहायता मी पहिल्यांदाच पाहिली. घरी येताना आई म्हणाली, "जेवण काय नाही, पर आरती चांगली झाली."

तिसऱ्यांदा मेव्हण्याला घेऊन गेलो. मेव्हणा वकील. तो जेवायला जात नाही, बिल वाचायला जातो. चष्मा पुसून त्यानं सुरुवात केली. जीएसटी पाच टक्के. "यातला अडीच दिल्लीला, अडीच बंगळूरला," तो म्हणाला. "बघा भावोजी, सीमाप्रश्नाचं भिजत घोंगडं पडलंय, पण तुमच्या डाळीची वाटणी झाली." खाली सर्व्हिस चार्ज दहा टक्के. इथं त्याचे डोळे चमकले. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलंय की हा चार्ज बिलात परस्पर लावता येत नाही, ग्राहकाची मर्जी असेल तर द्यावा, आणि २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलंय, असं त्यानं उभं राहून सांगितलं. शेजारच्या दोन टेबलांवर जेवणं थांबली. मॅनेजरनं मुकाट्यानं बिल नेलं आणि चार्ज काढून आणलं.

जिंकल्याच्या भरात मी पाण्याच्या बाटलीवर बोट ठेवलं. छापील किंमत वीस, लावलेले नव्वद. "हेही काढायला सांग की!" मेव्हण्यानं माझा हात खाली केला. "ते घेऊ शकतात. सर्वोच्च न्यायालय, डिसेंबर २०१७." एका खटल्यात जिंकलो, एकात हरलो. मेव्हण्यानं वेटरच्या हातात खिशातले शंभर रुपये दिले, म्हणजे चार्ज वाचवून हातात काही आलं नाही. डाळ त्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखी होती, हे सांगायचं राहिलं. वादात निवून गेली.

परवा चौथ्यांदा गेलो. ही अर्धी भाकरी खाऊन. नवा वेटर आला, विशीतला. मी हिंदी जुळवायला लागलो, "आज दाल कैसा..." तेवढ्यात त्यानं मॅनेजरकडं एक नजर टाकली, मेन्यू सरळ करायच्या निमित्तानं वाकला आणि हळूच म्हणाला, "काका, वडगावचे नव्हं तुम्ही? मी धामण्याचा. तुमच्या गल्लीतनंच जातो रोज."

इतक्या दिवसांनी त्या अंधारात आपली भाषा ऐकून मला भरून आलं. म्हटलं, "अरे मग आधी बोलायचं की!"

"इथं हिंदी-इंग्लिशच बोलायचं, असं सांगितल्यात. डाळ घेऊ नकासा आज. मोठे आचारी रजेवर गेल्यात, दर महिन्याला चार दिवस जातात गावाला. ते नसले की ही दुसरी पोरं करतात."

म्हणजे आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला आचारी गावाला गेला होता.

"मग काय घेऊ?"

त्यानं मेन्यूवर बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. कुठंच थांबलं नाही. "खरं सांगू काय काका? आज घरला जाऊन भाकरी खावा."

"मी खाऊनच आलो," ही म्हणाली, आणि पर्समधून स्वेटर काढला.