एक्स्टेंशन बदललं म्हणजे मेश झाली असं नाही

सिम्युलेशन शिकायला बसलेल्या प्रत्येकाला हा सल्ला कुठून तरी मिळतोच: "मेशिंग शिकण्यात वेळ घालवू नका. कॅडमधून एसटीएल काढा, कन्व्हर्टरने सॉल्व्हरच्या फॉरमॅटमध्ये बदला, मेश होईल तेवढी बारीक ठेवा, उत्तर बरोबरच येतं." (मेश म्हणजे सिम्युलेशनसाठी भागाचे केलेले छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, आणि त्यांचे बिंदू, म्हणजे नोड; सॉल्व्हर म्हणजे त्यावर गणित करणारा प्रोग्राम.) या सल्ल्यापायी माणसं आठवडेच्या आठवडे अडकून पडतात आणि वर स्वतःलाच दोष देतात, म्हणून हे लिहितोय.

आधी एसटीएल, म्हणजे पृष्ठभाग त्रिकोणांत साठवणारी फाइल. टेक्स्ट स्वरूपातली एखादी एसटीएल साध्या एडिटरमध्ये उघडून बघा. 'फॅसेट नॉर्मल' आणि तीन आकडे, खाली तीन 'व्हर्टेक्स', मग पुढचा त्रिकोण. शेवटपर्यंत एवढंच. 1987 मध्ये थ्रीडी सिस्टिम्सने हा फॉरमॅट स्टिरिओलिथोग्राफीसाठी (थ्रीडी प्रिंटिंगची एक पद्धत) आणला. त्या मशीनला पृष्ठभाग कळला की काम भागत होतं. घन भागाच्या विश्लेषणाला मात्र आतून भरलेले टेट्रा (चार बाजूंचे) किंवा हेक्सा (सहा बाजूंचे) एलिमेंट लागतात, आणि फाइलमध्ये जे नाही ते कन्व्हर्टर कुठून आणणार? आतला भाग भरणं हे जीमेश, टेटजेनसारख्या मेश जनरेटरचं काम. तेही पृष्ठभाग कुठे फाटलेला नसेल तरच जमतं.

शिवाय गोल छिद्र एसटीएलमध्ये बहुभुज होऊन येतं. मग मेश कितीही बारीक करा, ती त्याच सपाट तुकड्यांवर बारीक होते, गोलाई परत येत नाही. स्टेप फाइल (गोलाई जशीच्या तशी ठेवणारा कॅड फॉरमॅट) हाताशी असेल तर तीच वापरा. जीमेश ओपन कॅस्केड या कॅड लायब्ररीच्या आधाराने ती थेट वाचते. फक्त एसटीएलच असेल, तर कोनावरून पृष्ठभाग वेगळे करून त्यांच्यातून व्हॉल्यूम बांधता येतो. तो मार्ग आहे, पण एका क्लिकचा नाही.

"कन्व्हर्टर सगळं बरोबर नेतो" हेही खरं नाही. जीमेशमध्ये एकही फिजिकल ग्रुप (पृष्ठभाग किंवा व्हॉल्यूमला नाव देऊन केलेला गट) केला, की सेव्ह करताना डीफॉल्टने फक्त ग्रुपमधलेच एलिमेंट लिहिले जातात. इनलेटच्या (प्रवाह आत येतो त्या) पृष्ठभागाला नाव दिलं आणि व्हॉल्यूमला द्यायचं राहिलं, तर फाइलमध्ये इनलेटचे त्रिकोण तेवढे उरतात, सगळे टेट्रा गायब! स्क्रीनवर मेश पूर्ण दिसत असते, म्हणून संशय कन्व्हर्टरवर जातो. दुसरी अडचण आवृत्तीची. जीमेशच्या एमएसएच फॉरमॅटच्या 4 आणि 2.2 या आवृत्त्यांची रचना वेगळी आहे, आणि बरीच जुनी साधनं 2.2 च वाचतात. एक्सपोर्ट करताना आवृत्ती निवडता येते, ती निवडा. तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी: दहा नोडच्या टेट्रात जीमेशचे शेवटचे दोन नोड व्हीटीके (चित्रण करणारी लायब्ररी) वापरते त्या क्रमाच्या उलट असतात. मेश फॉरमॅट बदलणारी मेशिओसारखी लायब्ररी ही अदलाबदल करते, घाईत लिहिलेली स्क्रिप्ट करत नाही. फाइल बिनतक्रार उघडते आणि एलिमेंट आतून वाकडे असतात.

राहिला बारीक मेशचा मुद्दा. त्रिमितीत एलिमेंटचा आकार निम्मा केला की संख्या साधारण आठपट होते. आणि आतल्या धारदार कोपऱ्यात रेषीय विश्लेषणातला ताण मेश बारीक करू तसा वाढतच जातो, तिथे स्थिर होणारं उत्तरच नसतं. वाकणाऱ्या पातळ भागात चार नोडचे टेट्रा गरजेपेक्षा ताठर वागतात. तिथे दहा नोडचे घ्या, आणि दोन-तीन मेशवर उत्तर ताडून पाहा.

एककांचं तर कुणी बोलतच नाही. एसटीएलमध्ये एकक लिहिलेलंच नसतं. मिलिमीटरमधलं मॉडेल मीटर धरणाऱ्या सॉल्व्हरमध्ये गेलं, की लांबी हजारपट आणि आकारमान अब्जपट.

म्हणून खऱ्या भागाला हात लावण्याआधी 10 मिमीचा एक ठोकळा तुमच्या सगळ्या टप्प्यांतून शेवटपर्यंत न्या. सॉल्व्हरमध्ये टेट्रा किती पोचले ते मोजा, पृष्ठभागांची नावं शिल्लक आहेत का ते बघा, आणि आकारमान विचारा. मिलिमीटरमध्ये काम चालू असेल तर ते 1000 यायला हवं.